मुलीचें शिक्षण व घरचा हिशेब



मुलींस शिकवावें कीं नाहीं, हा वाद आपल्या खेड्यांतून मिटला आहे असें पुष्कळांस वाटतें. पहिलीच्या वर्गांत नांव घालण्यापुरतें पाहिलें तर तो खरोखरच मिटला आहे. चाकूर, नळेगांव, वडवळ नागनाथ ह्या बाजूच्या कोणत्याहि लहान गांवीं जून महिन्याच्या मध्यास सकाळीं उभें राहावें. जिल्हा परिषदेच्या शाळेकडे मुलांबरोबर मुलीहि दप्तरें पाठीस लावून जातांना दिसतात, आणि कोणी त्यांस हंसत नाहीं. परंतु त्याच मुलींची सातवी-आठवी होऊन गेल्यावर पुन्हां तेथेंच उभें राहावें. गांवची शाळा संपलेली असते. पुढची शाळा मोठ्या गांवीं असते. मुलगे सायकलीवर किंवा एस.टी.नें पुढें जातात; मुलींपैकीं कांहीं जातात, कांहीं धाकट्या भावंडांस कडेवर घेऊन दारांत उभ्या असतात, आणि कांहींच्या सोयरिकीची बोलणीं चाललेलीं असतात.

म्हणून ह्या पाठांत आम्हांस शाळेंत घालण्याविषयीं फारसें सांगावयाचें नाहीं. शाळेंत टिकविण्याविषयीं सांगावयाचें आहे. मुलीच्या शिक्षणापासून घरास व गांवास जो लाभ होतो, त्याचा मोठा भाग आठवीच्या पलीकडल्या वर्षांत पिकतो, आणि आपण नेमकें पीक निसवायच्या वेळीं रान मोकळें करतों, हें आमचें म्हणणें आहे. उपदेशक बंधूंनीं हा पाठ वाचून दाखवितांना मुलींच्या बापांस समोर बसवावें, अशी आमची सूचना आहे. आयांस त्यांतील बरेंच आधींच ठाऊक असतें.

मुलींची शाळा आपल्याकडे कशी आली हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण कांहीं लोक तिला कालपरवाची सरकारी टूम समजतात. सिंथिया फॅरार नांवाची एक अविवाहित अमेरिकन बाई १८२७ सालच्या शेवटीं मुंबईस उतरली आणि मुलींच्या शाळांचें काम पाहूं लागली. पुढें ती अहमदनगरास गेली व १८६२ सालीं तेथेंच वारली. तिच्या नगरच्या शाळा जोतीराव फुले ह्यांनीं पाहिल्या, आणि त्या पाहून आपल्या लोकांसाठीं तसें कांहीं करावें असें मनांत आलें, हें त्यांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. १८४८ सालीं पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढिली व सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. फुल्यांच्या शाळेंत शिकलेली मांग समाजांतील मुक्ता नांवाची मुलगी. तिनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. ती वयानें कोवळी होती आणि शाळेंत थोडींच वर्षें बसली होती. जिच्या आजा-पणजास लिहिणेंवाचणें मना होतें, तिनें लेखणी हातांत घेतांच प्रथम आपल्या माणसांची गाऱ्हाणीं लिहिलीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. पुढें १८८२ सालीं हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें पंडिता रमाबाईंनीं साक्ष दिली, तींत मुलींसाठीं शिक्षकिणी तयार कराव्या, त्यांच्या शाळा तपासण्यास बायकांस नेमावें, आणि बायकांस वैद्यकी शिकवावी अशी मागणी केली. एवढ्या जुन्या ह्या गोष्टी आहेत.

मग आपला भाग मागें कां राहिला? त्याचें एक कारण राज्याचें आहे. मराठवाडा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानी शाळांच्या वरच्या वर्गांत शिकविण्याची भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या मुलासच ती परकी, तेथें मुलीस कोण धाडतो? पुण्यास शाळा निघाल्यापासून शंभर वर्षें होऊन गेलीं तरी इकडे खेड्यांतील बायकांस अक्षर ठाऊक नव्हतें. १९५१ सालच्या खानेसुमारींत सगळ्या देशांत शंभर स्त्रियांमागें ९ सुद्धां साक्षर भरल्या नाहींत. २०११ सालीं महाराष्ट्रांत हा आंकडा शंभरांत सुमारें ७६ पर्यंत आला. अवघ्या साठ वर्षांत एवढें अंतर तोडलें, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ‘साक्षर’ म्हणजे सही करून चार ओळी वाचणारी. दहावी-बारावी झालेली नव्हे. हा फरक पुढें फार महत्त्वाचा ठरतो.

आतां बापाच्या हिशेबाकडे वळूं. मुलीस शाळेंतून काढणाऱ्या बापास अडाणी म्हणून हिणविणें सोपें आहे, आणि व्यासपीठावरून तें पुष्कळदां केलें जातें. आमच्या मतें तो अडाणी नसतो. तो हिशेब करीत असतो, आणि त्याच्या हिशेबांत कांहीं रकमा बरोबर असतात. त्या आधीं मान्य केल्या पाहिजेत, नाहीं तर तो आपलें पुढचें ऐकणार नाहीं.

पहिली रक्कम वाटेची. हायस्कूल पांच-सहा किलोमीटरांवर असेल, तर पावसाळ्यांत ओढे वाहतात, हिवाळ्यांत सांज लौकर होते, आणि वाटेवर टोळकीं उभीं असतात. मुलीची ‘बदनामी’ झाली तर तिचें लग्न अडेल, ही भीति बाप बोलून दाखवीत नाहीं, पण तिच्यापायींच तो शाळा बंद करितो. दुसरी रक्कम हातांची. सोयाबीनची काढणी, तुरीची कापणी, कापसाची वेचणी ह्या दिवसांत चौदा वर्षांची मुलगी म्हणजे एक पुरी मजूर; तिला शाळेंत धाडणें म्हणजे रोजची मजुरी सोडणें. तिसरी रक्कम लग्नाची, आणि ती सर्वांत अवघड आहे. बाप म्हणतो, “मुलगी जास्त शिकली कीं नवरा तिच्याहून जास्त शिकलेला पाहिजे, आणि जास्त शिकलेल्या नवऱ्याचा हुंडा जास्त. मीं दोन्हीकडून खर्च कां करावा?” हुंडा घेणें-देणें १९६१ सालच्या कायद्यानें गुन्हा आहे, हें उत्तर खरें आहे, पण तेवढ्यानें त्या बापाचें समाधान होत नाहीं, होणारहि नाहीं. आपल्या मंडळींत सुद्धां ‘हौसेनें दिलें’ ह्या नांवाखालीं काय काय दिलें-घेतलें जातें, तें सर्वांस माहीत आहे. मुलाकडील मंडळी जोंवर हात पसरीत आहेत, तोंवर मुलीच्या बापास शिक्षणाचा उपदेश करण्यास आपलें तोंड कोठें आहे?

चौथी रक्कम ऊसतोडीची. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा लागतां लागतां परत येतात. ह्या धंद्यांत मजूर एकटा धरीत नाहींत. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम जी उचल देतो ती कोयत्यावर देतो. एकट्या गड्यास अर्धा कोयता समजतात व उचलहि तशीच मिळते. म्हणून मुलगा वयांत आला न आला तोंच त्याचें लग्न करून कोयता पुरा करण्याची घाई होते, आणि त्या घाईंत कोणाची तरी नववींतील मुलगी शाळेंतून उठते. ज्या घरची मुलगी अजून लग्नाची नाहीं, ती आईबापांबरोबर फडावर जाते. पहांटे आईबाप ऊस तोडायला गेले कीं कोपीवर भाकरी थापणें, पाणी आणणें, तान्ह्या भावास संभाळणें हें तिचें काम. नोव्हेंबर ते मार्च ती वर्गांत नसते. परत आल्यावर पुढची इयत्ता लागते, पण मधल्या पांच महिन्यांचें गणित तिला कोणी शिकवीत नाहीं. अशीं दोन वर्षें गेलीं कीं तिची तीच म्हणते, “मला शाळा नको.” मग बाप निश्चिंत होतो कीं मुलीलाच गोडी नाहीं.

ह्याचा परिणाम केवढा, तें सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणींत दिसतें. महाराष्ट्रांत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शंभरांत सुमारें २२ जणींचीं लग्नें अठरा वर्षांच्या आंत झालेलीं आढळलीं. हें सगळ्या राज्याचें. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यांत हाच आंकडा ४८, आणि बीड जिल्ह्यांत ४४ च्या जवळ. म्हणजे जवळजवळ दोघींतली एक.

बापाच्या वहीची डावी बाजू ही अशी आहे. उजवी बाजू बहुधा कोरी राहते. लाभ उशिरां येतो, थोडा थोडा येतो, आणि पुष्कळदां तो सासरच्या घरीं पडतो, म्हणून तो मांडला जात नाहीं. आम्ही तो येथें मांडून पाहतों.

मजुरीपासून आरंभ करूं, कारण तो सर्वांस कळणारा आहे. निरनिराळ्या देशांतील मिळकतीचा अभ्यास करणाऱ्यांनीं असें काढिलें आहे कीं शाळेचें एक वर्ष वाढलें कीं माणसाची कमाई सरासरीनें शेंकडा ९ च्या आसपास वाढते, आणि ही वाढ पुरुषांपेक्षां स्त्रियांच्या बाबतींत कांहींशी जास्तच असते. सावकाराकडे ठेव ठेवून कोणता बाप एवढें व्याज मिळवील? अर्थात् हा आंकडा सगळ्या जगाचा आहे. तो चाकूरच्या आठवडी बाजारांत जसाच्या तसा लागूं होईल असें आम्ही म्हणत नाहीं. शेतमजुरींत शिकलेल्या व न शिकलेल्या बाईस एकच रोज मिळतो, आणि तोहि गड्याच्या रोजाहून कमी. शिक्षणाची किंमत मजुरीच्या बाहेर पडल्यावर कळते.

आणि बाहेर पडण्याचीं दारें आहेत. आपल्या मंडळींतील पुष्कळ घरें दोन-तीन पिढ्यांमागें गांवकीच्या कामांतून व मजुरींतून वर आलीं, तीं कोणत्या दारांनीं आलीं, हें म्हाताऱ्या माणसांस विचारावें. एक दार शिक्षकिणीचें, दुसरें परिचारिकेचें. आज हीं दोन आहेतच, शिवाय आणखीहि आहेत. परंतु ह्या प्रत्येक दारास कुलूप आहे, आणि तें कुलूप बहुतेक ठिकाणीं दहावीचें किंवा बारावीचें आहे. अंगणवाडी सेविकेस व मदतनिसेसहि आतां आपल्या राज्यांत बारावी लागते. परिचारिकेच्या अभ्यासक्रमास बारावी लागते. पोलीस भरतीस बारावी लागते. सरकारी नोकऱ्यांत शेंकडा ३० जागा स्त्रियांसाठीं राखून ठेविल्या आहेत, पण आठवी झालेल्या मुलीस त्यांचा काय उपयोग? ग्रामपंचायतीच्या जागांपैकीं निम्म्या स्त्रियांच्या; तेथेंहि १९९५ सालापासून पुढें जन्मलेल्या उमेदवारास निदान सातवी पास असावें लागतें. सातवीस थांबलेली मुलगी पंच होऊं शकेल, पण ज्या कागदावर ती सही करील तो तिला दुसऱ्यानेंच वाचून दाखवावा लागेल.

येथें कोणी विचारील, “शिकून घरींच बसलेल्या मुली आम्ही पाहतों, त्यांच्या शिक्षणाचें काय झालें?” हा प्रश्न रास्त आहे. शिकलेल्या सर्व मुलींस नोकरी मिळत नाहीं. आपल्या देशांत तर पुष्कळ शिकलेल्या स्त्रिया मिळकतीच्या कामांत दिसत नाहींत, हें दुःखाचें पण खरें आहे. तरी घरीं बसलेली शिकलेली मुलगी आणि घरीं बसलेली न शिकलेली मुलगी ह्यांत घराच्या दृष्टीनें केवढें अंतर आहे तें पाहा. सात-बारा वाचावयाचा, बँकेंतून पैसे आले कीं कापले गेले हें पाहावयाचें, फवारणीच्या औषधाच्या डब्यावर किती पाण्यांत किती घालावयाचें तें वाचावयाचें, बियाण्याची पावती जपून ठेवावयाची, हें सर्व घरांतील कोणी तरी केलें पाहिजे. २०२१ सालापासून शेतकऱ्यानें आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करावयाची पद्धत सुरू झाली, तिला ई-पीक पाहणी म्हणतात. ती नोंद राहिली तर नुकसानीच्या वेळीं अडचण पडते. ती करण्यास बाप शेजारच्या पोराच्या मागें हिंडतो, आणि त्याची स्वतःची दहावी झालेली लेक चुलीपुढें बसलेली असते! तिला विचारावें असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. मुकादमाच्या वहींत उचल किती, फेड किती व बाकी किती, हें जिला वाचतां येतें, त्या घरास दुसऱ्या वर्षीं बाकीचा आंकडा सहजासहजीं फुगवून सांगतां येत नाहीं. ही कमाई पगाराच्या रूपानें दिसत नाहीं. ती न झालेल्या तोट्याच्या रूपानें असते, आणि गरिबाच्या घरीं न झालेला तोटा म्हणजेच नफा.

ह्याहूनहि मोठा लाभ पाळण्यांत आहे. १७५ देशांची माहिती गोळा करून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें कीं १९७० ते २००९ ह्या काळांत पांच वर्षांखालील मुलांचे जे मृत्यु टळले, त्यांपैकीं जवळजवळ निम्मे स्त्रियांचें शिक्षण वाढल्यामुळें टळले. दवाखाने, लसी, मिळकत ह्या सर्वांचा वांटा उरलेल्या निम्म्यांत. आपल्या देशांत २०१९-२१ च्या पाहणींत, मुळींच शाळा न पाहिलेल्या आयांच्या लहान मुलांपैकीं शंभरांत सुमारें ४६ वयाच्या मानानें खुजीं भरलीं. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या आयांच्या मुलांत हें प्रमाण २६ च्या आसपास होतें. न शिकलेल्या बाईस सरासरीनें २.८ मुलें होतात, बारावी झालेलीस १.८. कोणी म्हणेल, शिकलेली आई बहुधा सुखवस्तु घरची असते, म्हणून तिचीं मुलें धडधाकट. त्यांत कांहीं तथ्य आहे, आणि सगळा फरक शाळेच्या पदरीं बांधणें अन्यायाचें होईल. परंतु ज्यांनीं घरची मिळकत वेगळी काढून हिशेब केला, त्यांसहि आईच्या शिक्षणाचा वांटा स्वतंत्र सांपडलाच. कारण समजण्यास कठीण नाहीं. जी मुलगी अठरा वर्षांपर्यंत वर्गांत बसते तिचें पहिलें बाळंतपण सोळाव्या वर्षीं होत नाहीं. तिला जुलाबाच्या पोरास मीठसाखरेचें पाणी पाजावें हें कळतें, लसीच्या कार्डावरील पुढची तारीख वाचतां येते, आणि दवाखान्यांत डॉक्टरांस प्रश्न विचारण्याचें धैर्य तिच्या अंगीं असतें. हें शेवटचें आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें.

आणखी एक गोष्ट आमच्याच जिल्ह्याची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागांत हजारों माणसें दगडमातीखालीं गेलीं. पुढें घरांच्या दुरुस्तीचें काम निघालें, तेव्हां गांवोगांवच्या स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यांत आलें. सरकारी योजना गांवकऱ्यांस समजावून सांगणें व गांवकऱ्यांच्या अडचणी अधिकाऱ्यांस कळविणें हें त्यांचें काम. त्यांच्यांत काम करणारी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था पुढें स्त्रियांचे बचत गट व शेती ह्यांकडे वळली. एकेक एकरांत घरापुरतें नाना प्रकारचें धान्य-भाजी पिकविणाऱ्या मराठवाड्यांतील बायकांच्या कामाबद्दल तिला २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. संकटांत गांवास बोलणारी, लिहिणारी, हिशेब ठेवणारी बाई लागते. ती ऐन वेळीं कोठून आणणार? ती पंधरा वर्षें अगोदर शाळेंत बसलेली असावी लागते.

मग बापाच्या डाव्या बाजूच्या रकमांचें काय करावें? त्यांपैकीं कांहीं खोडतां येतात, आणि तें उपदेशाहून सोयीनें जास्त साधतें. बिहारांत २००६ सालीं तेथील सरकारनें नववींत जाणाऱ्या प्रत्येक मुलीस सायकल देण्यास आरंभ केला. पुढें अभ्यासकांनीं मोजून पाहिलें, तेव्हां हायस्कुलांत दाखल होणाऱ्या मुलींचें प्रमाण त्यायोगें सुमारें एक-तृतीयांशानें वाढल्याचें आढळलें, आणि जेथें शाळा दूर तेथें वाढ जास्त. कोणाहि बापाचें मन व्याख्यानानें वळविलें नव्हतें. अंतर कमी झालें, आणि पुष्कळशा मुली एकत्र रस्त्यानें जाऊं लागल्यामुळें भीतीहि कमी झाली.

आपल्या राज्यांत ज्या सोयी आहेत त्या मंडळींतील प्रत्येक घरास ठाऊक असाव्या. खेड्यांतील पांचवी ते बारावीच्या मुलींस शाळेसाठीं एस.टी.चा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेखालीं फुकट आहे. पास शाळेमार्फत मिळतो. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरीं १ एप्रिल २०२३ पासून पुढें जन्मलेल्या मुलीस ‘लेक लाडकी’ योजनेंतून जन्मतां ५,००० रुपये, पहिलींत ६,०००, सहावींत ७,०००, अकरावींत ८,००० आणि अठरा वर्षें पुरीं झाल्यावर ७५,००० असे एकंदर १,०१,००० रुपये मिळावयाचे आहेत. अकरावीचा हप्ता अकरावींत गेलेल्या मुलीसच मिळतो, हें नीट समजावून सांगावें. आठ लाखांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींस, ठरावीक प्रवर्गांत, धंदेशिक्षणाच्या अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाली आहे. बारावीस चांगले गुण मिळविणाऱ्या मुलीस डॉक्टरकी-इंजिनिअरिंगच्या शिकवणीसाठीं लातूर शहर चाकुराहून कांहीं फार लांब नाहीं. दूरदूरच्या जिल्ह्यांतील मुली तेथें येऊन राहतात, मग आपल्याच तालुक्यांतील मुलीनें कां जाऊं नये? ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांसाठीं शाळेमार्फत हंगामी वसतिगृहें चालतात, आणि २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नांवाचीं सरकारी वसतिगृहें काढण्याची योजना आहे. हीं सगळीकडे सारखीं चांगलीं चालतात असें आम्ही म्हणणार नाहीं. जेथें मुलींसाठीं स्त्री-अधीक्षक व निवाऱ्याचें संडास-न्हाणीघर नाहीं, तेथें आईबाप मुलीस ठेवीत नाहींत, आणि त्यांचें चुकतें असें आम्हांस वाटत नाहीं. रमाबाईंनीं १८८२ सालीं जी मागणी केली तिची आठवण येथें होते.

कायद्याविषयीं दोन शब्द. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेचा हक्क आहे, तो आठवीपर्यंत. अठरा वर्षांखालील मुलीचें लग्न २००६ च्या कायद्यानें मना आहे. लग्न लावणारा भटजी, काजी वा पाळक, मंडपांत जेवणारे आप्त, सर्वच अडचणींत येऊं शकतात. गांवीं ग्रामसेवकाकडे हें थांबविण्याचें काम दिलेलें आहे, आणि १०९८ ह्या क्रमांकावर फोन करून कोणासहि, मुलीस स्वतःलाहि, कळवितां येतें. पाळकांनीं व उपदेशकांनीं वयाचा दाखला स्वतः पाहिल्यावांचून कोणाचेंहि लग्न जाहीर करूं नये. दाखला म्हणजे शाळेचा किंवा जन्म-नोंदीचा. मामानें सांगितलेलें वय नव्हे.

आतां मंडळीनें करावयाचें काम. मुलगी शाळेंतून गळते ती वर्षांतून दोन वेळां: सातवी-आठवीचा निकाल लागल्यावर मे-जून महिन्यांत, आणि ऊसतोडीस निघतांना. पहिल्या वेळेसाठीं उपदेशकांनीं एप्रिलांतच आपल्या गांवच्या सातवी-आठवींतील मुलींचीं नांवें लिहून घ्यावीं, आणि त्या पुढें कोणत्या शाळेंत जाणार, किती जणी मिळून जाणार, एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेस जुळते कीं नाहीं, हें घरोघर विचारावें. एकटी मुलगी असेल तर बाप भितो. चार असतील तर भीत नाहीं. चौथी मुलगी मंडळीबाहेरची, दुसऱ्या समाजाची असली तरी चालेल, किंबहुना तसेंच असावें. एस.टी.ची वेळ जुळत नसेल तर चार गांवच्या लोकांनीं मिळून आगार-प्रमुखांस अर्ज करावा.

दुसऱ्या वेळेसाठीं दिवाळीपर्यंत थांबूं नये. उचल पावसाळ्यांतच घेतली जाते, आणि एकदां ती घेतली कीं घरांतील कोण कोण फडावर जाणार हें ठरून जातें. म्हणून श्रावणांत जावें. मुलगी मागें राहिली तर कोणाजवळ राहील हा प्रश्न आईस विचारावा, बापास नव्हे. आजी असेल तर आजीच्या वांट्याचें व मुलीचें रेशन गांवींच मिळेल अशी व्यवस्था पाहावी. आजी थकलेली असेल तर मंडळींतील एखाद्या बाईनें रात्रीं तिच्या घरीं निजावयास जावें. कोणीच नसेल तर मुख्याध्यापकांस भेटून हंगामी वसतिगृहाच्या यादींत मुलीचें नांव आहे कीं नाहीं तें आपल्या डोळ्यांनीं पाहावें, आणि नसेल तर घालून घ्यावें. मुलगी आईबापांबरोबर गेलीच, तर शाळेंतून तिच्यासाठीं शिक्षण हमी कार्ड मागून द्यावें, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेंत तिला बसतां येईल व परत आल्यावर तिची हजेरी धरली जाईल.